पियालूला कुणी चाललेलं नाही

रेवेलूगने होडीघराच्या आढ्यावरून शीड खाली काढलं आणि वाळूत पसरलं. त्या दिवसापासून लामोइल बेटावरचं कुणी कुठेही जाणार नव्हतं.

रीतच तशी होती. दरवर्षी ईशान्येचा वारा पडला की बेटावरचे सात पुरुष दोन दिवस दोन रात्री होडी हाकत पियालूला जायचे. पियालूवर माणूस राहत नाही. प्रवाळाचं एक कडं, त्यावर नखाएवढी पाच बेटं, मध्ये उथळ पाणी, आणि या दिवसांत अंडी घालायला वर येणारी कासवं. पण शीड एकदा खाली आलं की त्या जागेचं नाव घ्यायचं नाही. निघायचा दिवस बोलायचा नाही आणि परतायचा दिवस तर नाहीच नाही. चुकून कुणाच्या तोंडून गेलंच, तर शीड पुन्हा आढ्यावर आणि त्या वर्षीची फेरी रद्द. या गोष्टीत नाव घेतलं तर चालतं, कारण सांगणारा काही होडीत बसणार नाही.

त्यामुळे सगळी तयारी कुणीच काही करत नसल्यासारखी चालायची. पुरुष होडीघरात काथ्या वळत बसायचे, हाताला चाळा म्हणून. दीडशे वाव दोर होईपर्यंत तो चाळा पुरायचा. कुणीतरी होडीच्या फटींत नीरफणसाचा चीक भरत असायचा, कारण फटी दिसल्या. होडीचा तोल राखणाऱ्या उलांडीची बांधणी सोडून पुन्हा आवळली जायची, कारण जुनी बघवत नव्हती.

"काय चाललंय?" येणारा विचारायचा.

"काही नाही."

"मग ते सुंभ इकडे दे. माझंही काहीच चाललेलं नाही, पण अर्धवट राहिलंय."

या सगळ्यात एकाच माणसाची पंचाईत होती. तो माणूस म्हणजे रेवेलूगची धाकटी बहीण लेसेरिग. लेसेरिग बावन्न वर्षांची होती आणि बेटाचा रेडिओ तिच्या ताब्यात होता. माडांच्या मधल्या एका पत्र्याच्या खोलीत टेबल, स्टूल, बॅटरी आणि रेडिओ, छपरावर सौर पॅनेल. रोज सकाळी नऊ वाजता मोठ्या बेटावरच्या ऑफिसातून एक कारकून बोलायचा आणि लेसेरिग त्याला पाऊस, आजार आणि तांदूळ यांची खबर द्यायची. रेडिओचा कर्णा माडाला बांधलेला होता, कारण बोटीची बातमी सगळ्यांना हवी असायची. करमणुकीला दुसरं काही नसल्यामुळे नऊ वाजता अख्खं बेट कान देऊन बसायचं.

गेल्या वर्षी ऑफिसाने नवा नियम काढला. समुद्रात लांब जायचं तर आधी कळवायचं: कुठे, किती माणसं, कधी निघणार, कधी परतणार. लेसेरिग कामाची चोख. तिने फॉर्म समोर ठेवला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला. "सात माणसं, पियालू, गुरुवार." कर्ण्यातून ते सगळ्या बेटाने ऐकलं. पुरुषांनी शीड गुंडाळलं आणि आढ्यावर चढवलं.

लेसेरिगला कुणी दोष दिला नाही. ते वर्षभर कुणी विसरलंही नाही. कुठेही जेवायला बसली की तिच्यापुढे डबाबंद मासळी येई आणि घरची बाई अगदी प्रेमाने म्हणे, "घे गं, यंदा कासवाचं नाही ना आपल्याकडे." एक वर्ष हे ऐकून तिची मासळीवरची वासना उडाली होती.

तरीही तिला तारीख हवीच होती. परतायची तारीख. बाकीचा फॉर्म कोरा राहिला असता तरी तिला चाललं असतं.

एकवीस वर्षांपूर्वी तिचा नवरा सारुमाई दोघा सोबत्यांना घेऊन पियालूला गेला. होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, तोच होता. तांडेलाच्या होडीची शिदोरी त्याच्या बहिणीने बांधायची असते, बायकोने नाही. त्यामुळे किती दिवसांचं अन्न नेलंय हे लेसेरिगला कळायचा मार्ग नव्हता. नणंदेला विचारलं, तर ती म्हणाली, भरपूर बांधलंय. उदार बाई होती, मोजायची नाही. मग लेसेरिग किनाऱ्यावर जाऊन बसायला लागली. होडीला उशीर झाला असं म्हणायचं नसतं, म्हटलं की तो होतो. म्हणून ती रोज शिंपले वेचायला जायची. तिच्याबरोबर हळूहळू सगळं बेट शिंपले वेचायला लागलं. विसाव्या दिवशी कुणीतरी तोंड उघडलं आणि बोट मागवली. बाविसाव्या दिवशी बोटीला सारुमाई एका वाळूच्या पट्ट्यावर सापडला. फुटक्या उलांडीच्या सावलीत झोपला होता. बोटीवरच्या डॉक्टरने सांगितलं की त्याला जाऊन चार दिवस झालेत. दुसरे दोघे सापडलेच नाहीत. वजाबाकी लामोइलवर सगळ्यांना येते. ती कुणी मोठ्याने केली नाही.

आणि यंदा रेवेलूगच्या होडीत तिचा मुलगा तावेरी जाणार होता. तावेरी अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. तांडेलकी मामाकडून भाच्याकडे जाते. रेवेलूगचे गुडघे आता जेमतेम एका फेरीचे उरले होते. मामाबरोबर ही वाट एकदा केल्याशिवाय तावेरीला पुढे तांडेल म्हणून कुणी विचारलं नसतं. तेव्हा फेरी व्हायलाही हवी होती आणि तारीख कळायलाही हवी होती. यातलं एक मिळवलं की दुसरं जात होतं. लेसेरिग रात्रंदिवस घाबरलेली असे आणि घाबरली की तिला राग येई. त्या महिन्यात तिने दोन कोंबड्या आणि एका शेजारणीला विनाकारण हाकललं.

भावाला सरळ विचारायची सोय नव्हती. लामोइलवर भाऊ समोर असताना बहिणीने त्याच्याहून उंच राहायचं नसतं. तो उभा असेल तर वाकायचं, बसला असेल तर रांगायचं. बोलायचं ते अन्नाबद्दल. लेसेरिग आणि रेवेलूग पन्नाशी ओलांडून गेले तरी त्यांचं आयुष्यभराचं बोलणं अळकुड्या, मासे आणि मीठ यांपलीकडे गेलेलं नव्हतं.

पण अन्नाबद्दल बोलायला मुभा होती आणि यंदाच्या होडीची शिदोरी बांधायची होती ती लेसेरिगनेच. ती कामाला लागली. पुरून आंबवलेला नीरफणस खड्ड्यातून काढला, धुतला, मळला, पानांत बांधून भाजला. दिवसाला माणशी एक पुडा. जायला दोन दिवस, यायला दोन-तीन, तिथे पाच-सहा. तिने एका टोपलीत अकरा पुडे भरले, एका माणसाच्या वाटणीचे, आणि टोपली तावेरीच्या हाती होडीघरात पाठवली.

दुसऱ्या दिवशी टोपली तिच्या दाराच्या खांबाला अडकवलेली होती. आत अकरा पुडे होते आणि त्यांवर दोन रिकामी पानं, नीट घडी घातलेली.

लेसेरिगने बराच वेळ त्या पानांकडे बघितलं. मग तिने एक पुडा वाढवला. तेरा दिवस म्हणजे फार झाले, असं तिला वाटत होतं, आणि घासाघीस करायला कुणाची हरकत नव्हती. बारा पुड्यांची टोपली गेली. संध्याकाळी परत आली. आत एक रिकामं पान होतं आणि त्यावर मिठाचा खडा, म्हणजे रेवेलूग जरा वैतागला होता.

तिने तेरावा पुडा बांधला. टोपली परत आली नाही.

पुढचे तीन दिवस तिने सात माणसांचे तेरा-तेरा पुडे बांधले. इतकं समाधान तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने रेडिओ लावला.

"लामोइल, बोला."

"पाऊस नाही. आजारी कुणी नाही. तांदूळ संपत आलाय."

"बाई, तुमचा फॉर्म यायचाय. पियालूच्या फेरीचा."

होडीघरात कुणाच्या तरी हातातून तासणी पडली. सगळ्यांनी नेमालिंगकडे बघितलं. नेमालिंग बेटावरची सर्वांत म्हातारी बाई. काय बोललं तर चालतं आणि काय नाही, हे ती ठरवायची. होडीघरासमोरच्या सावलीत ती दोरा वळत बसलेली असायची आणि तिच्या कानातून मुंगीसुद्धा सुटत नसे.

"परका आहे," नेमालिंग म्हणाली. "परक्याचं धरत नाहीत."

तासणी पुन्हा चालू झाली.

"किती माणसं जाणार?" कारकुनाने विचारलं.

"कुणी जात नाही," लेसेरिग म्हणाली. "पण सात जणांचं जेवण बांधलंय."

"कुणी जात नाही तर जेवण कशाला?"

"भूक काय सांगून येते?"

"बरं. सात. निघणार कधी?"

"कोण?"

"जेवणारे."

"जेवण परवा सकाळी ताजं असेल."

"परवा," कारकून लिहिता लिहिता म्हणाला. पोरगा तसा हुशार होता. "आणि परत?"

"माणशी तेरा पुडे आहेत. दिवसाला एक."

"फॉर्मवर पुड्यांचा रकाना नाही, बाई."

"मग नुसतं तेरा लिहा."

"हे तांडेलाने सांगितलंय?"

लेसेरिगने खोटं बोलायचा विचार केला. पण तांडेल शंभर पावलांवर बसून ऐकत होता. "माझा अंदाज आहे," ती म्हणाली.

"अंदाज चालत नाही. बोटीला तेल लागतं, माणसं लागतात. तांडेलाने स्वतः सांगितलेली तारीख पाहिजे. नाहीतर मी 'तारीख नाही' असं लिहितो. मग तीस दिवसांनी शोध सुरू होतो."

"तीस?"

"नियम आहे."

"तेरावा पुडा खाल्ल्यावर माणूस सतरा दिवस काय खाईल?"

"तोही रकाना नाही," कारकून म्हणाला. त्यालाही ते बरं वाटलेलं दिसलं नाही. "उद्या नऊला सांगा. त्यानंतर मी कागद पुढे पाठवतो."

लेसेरिगने रेडिओ बंद केला. दुपारी तिने तावेरीला माडाखाली गाठलं. तो शहाळी मोजत होता.

"मामाला विचार."

"काय विचारू?"

"ते."

"आई, ते विचारलं तर शीड वर जाईल. त्यांनी उत्तर दिलं तरी जाईल."

"तर जाऊ दे."

"गेल्या वर्षी गेलं. पुढच्या वर्षी त्यांना उठता येईल का ते बघ जरा. सकाळी मी आणि होडीघरातला फालेग दोघं धरून उभं करतो त्यांना." तावेरीने हातातलं शहाळं खाली ठेवलं. "आणि मामा आहेत ना बरोबर."

"तुझा बाप स्वतः तांडेल होता."

तावेरीने पुन्हा शहाळी मोजायला घेतली आणि पहिल्यापासून मोजावी लागली.

"आई, तू काही बोलू नकोस हं उद्या," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या पाया पडतो."

लेसेरिगने मनात पक्कं केलं होतं की उद्या नऊ वाजता स्वतःच तोंड उघडायचं आणि फेरी मोडायची. तावेरी तांडेल नाही झाला तर नाही झाला. बेटाने आणखी एक वर्ष डबाबंद मासळी खाल्ली तर कुणी मरणार नव्हतं. आपण हे करणार याचं तिला वाईट वाटत होतं आणि तरी ती ते करणार होती.

दुसऱ्या दिवशी नऊला ती स्टुलावर बसून बटणाला हात घालत होती, तेवढ्यात दारात सावली पडली. रेवेलूग उभा होता. एका हाताने चौकट धरली होती आणि गुडघ्यांमुळे चेहरा आवळलेला होता. या खोलीत तो कधी आला नव्हता.

लेसेरिग स्टुलावरून उतरली. खोली इतकी लहान होती की वाकायलाही जागा नव्हती, म्हणून ती टेबलाखाली शिरली. रेवेलूग स्टुलावर बसला. तिला त्याच्या पोटऱ्या दिसत होत्या आणि त्यांवरचं जुनं निळं गोंदण. माइक त्याने जिवंत मासा धरावा तसा घट्ट धरला असावा, कारण कर्ण्यातून आधी नुसता खरखराट आला.

"लामोइल, बोला," कारकून म्हणाला.

"मी रेवेलूग. तांडेल."

बाहेर तासणीचा आवाज थांबला.

"सात जण आहोत," रेवेलूग म्हणाला. "उद्या पहाटे निघणार. पियालूला. तेराव्या दिवशी सूर्य बुडायच्या आत परत येऊ. नाही आलो तर चौदाव्या दिवशी सकाळी बोट काढा. इथल्या कुणाच्या बोलण्याची वाट बघू नका."

कर्ण्यातून हे सगळं माडांवर आदळून परत आलं. टेबलाखाली लेसेरिगने डोळे मिटले. फेरी मोडली होती. ती मोडायला ती स्वतः आली होती आणि तिच्या भावाने ते काम तिच्या हातून काढून घेतलं होतं.

"लिहिलं," कारकून म्हणाला. "फेरीचं कारण?"

"कासवं." रेवेलूग बटण सोडायला विसरला होता. त्याचा श्वास सगळ्या बेटाला ऐकू येत होता. "आणखी एक लिहा."

"बोला."

"सारुमाई माझा मेव्हणा. एकवीस वर्षांपूर्वी त्याची होडी नवव्या दिवशी यायची होती. निघताना त्याने मला सांगितलं होतं, मला एकट्याला. मला माहीत होतं. मी अकरा दिवस शिंपले वेचले."

"याला तर रकाना..." कारकून म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "लिहितो."

रेवेलूग टेबलाला धरून उठला. टेबलाखाली त्याने बघितलं नाही. "नीरफणस चांगला आंबलाय," एवढं म्हणाला आणि गेला.

लेसेरिग तिथेच बसून रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने तोंडात पदराचा बोळा धरला होता. तिला भावाचा इतका राग आला होता की तो समोर असता तर ती ताठ उभी राहिली असती, आणि त्याच वेळी या भावासाठी आणखी तेरा वर्षं पुडे बांधावेत असंही तिला वाटत होतं. एकवीस वर्षं ती स्वतःला विचारत आली होती की त्या नणंदेला आपण नीट खोदून का विचारलं नाही. ते विचारायचं आज संपलं.

मग तिला बाहेरची शांतता जाणवली. तिने दारातून डोकं काढलं. होडीघरासमोर सगळं बेट उभं होतं. शीड वाळूत पसरलेलं होतं आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार माणसं वाकून, उचलायच्या तयारीत थांबली होती. कुठे न्यायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. रेवेलूग वल्ह्यावर भार देऊन उभा होता, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा. तावेरी जमिनीकडे बघत होता. सगळ्यांचे कान नेमालिंगकडे लागले होते.

नेमालिंगने मांडीवरचा दोरा पूर्ण वळून संपवला. टोकाला गाठ मारली. गाठ ओढून बघितली.

"आज रेडिओ लागला नाही वाटतं," ती म्हणाली.

ऊन डोकं फोडत होतं.

"बॅटरी उतरली असेल, मावशी," शेवटी फालेग म्हणाला.

"ऊनच नाही ना," त्याची बायको म्हणाली आणि हाताने डोळ्यांवर सावली धरली.

"मला वाटलं मलाच ऐकू येत नाहीये," नेमालिंग म्हणाली. "शीड असं किती वेळ उन्हात ठेवणार? कुजेल ते."

चौघांनी शीड उचललं. आढ्याकडे कुणी गेलं नाही. ते पाण्याच्या दिशेने चालायला लागले, आणि रेवेलूग त्यांच्या मागून, वल्हं टेकत, एकेक पाऊल टाकत. तावेरीने त्याच्या काखेत हात घातला.

तेवढ्यात कर्णा पुन्हा खरखरला. कारकुनाला काम अर्धवट ठेवायची सवय नव्हती.

"लामोइल, वाचून दाखवतो. सात माणसं. उद्या पहाटे. पियालू. तेराव्या दिवशी परत, नाहीतर चौदाव्या दिवशी सकाळी शोध. बरोबर?"

किनाऱ्यावर सगळे आपापल्या कामात गढून गेले. एक बाई झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागली.

लेसेरिग दारातून मागे फिरली. स्टुलावर बसली. "बरोबर," ती म्हणाली.

"बाई, आवाज येत नाहीये. पुन्हा सांगा."

तिने माइक तोंडाजवळ घेतला आणि बटण नीट दाबलं.

"बरोबर," ती म्हणाली. "तेराव्या दिवशी परत. नाही आले तर चौदाव्या दिवशी सकाळी बोट काढा. मी इथेच बसलेली असेन."

ते माडांवरून, होडीघरावरून आणि होडीत शीड चढवणाऱ्या माणसांच्या डोक्यांवरून पार बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यापर्यंत गेलं. नेमालिंगने दुसरा दोरा मांडीवर घेतला आणि शेजारणीला विचारलं की या रेडिओला आज झालंय तरी काय.